उपटण्याआधी गवत वाचा

पहिल्या वर्षी आम्ही माळावरून जो उपटून काढला तो शेडा होता, हे आम्हाला दिवाळीच्या तोंडावर कळलं. गावाच्या वरच्या अंगाला गायरान होतं. चराई बंद केलेली, समतल चर खोदलेले, चरांच्या भरावावर शेडा, मारवेल आणि डोंगरी यांचं बी टाकलेलं. श्रावणात एका रविवारी पंचवीस-तीस माणसं खुरपी घेऊन वर चढली आणि दुपारपर्यंत भराव लख्ख झाला. जे रुंद पानाचं, हिरवंगार, जोमदार दिसलं ते आम्ही राखलं. जे बारीक, निळसर, केसासारखं होतं ते काढून बाजूला ढीग घातला. ऑक्टोबरात राखलेल्या गवताला गुलाबी-जांभळे लोकरी तुरे आले. ते दीनानाथ गवत होतं. कधीकाळी चाऱ्यासाठी कुणीतरी पेरलेलं आणि मग आपलं आपण डोंगरभर पसरलेलं. ते वर्षायू असतं. बी सांडून ते वाळून गेलं आणि उन्हाळ्यात त्या भरावावर माती धरून ठेवणारा एकही जिवंत ठोंब उरला नाही.

त्या चुकीतून जे शिकलो तेच आधी सांगतो. बहुवर्षायू देशी गवत पहिल्या पावसाळ्यात स्वतःला दाखवत नाही. त्याची बरीचशी ताकद मुळं खाली नेण्यात जाते, त्यामुळे वर दिसतात दोन-चार बारीक, राठ, गरीब दिसणारी पानं. वर्षायू तणाला तीन-चार महिन्यांत जन्म उरकायचा असतो, म्हणून ते धावतं, फुगतं, मऊ रुंद पानं काढतं. नजर जोमाकडे जाते आणि हात बारीक रोपाकडे. कुरणातल्या भांगलणीत ही सवय आधी मोडावी लागते.

शेतातली भांगलणी सोपी, कारण ज्वारी कुठली हे ठाऊक असतं आणि ती ओळीत असते. कोकणात बेणणी म्हणा, विदर्भात निंदण म्हणा, तिथे प्रश्न एकच असतो: पीक ठेवायचं, बाकी काढायचं. कुरणात मात्र पीकही गवत आणि तणही गवत. शिवाय आपल्या भाषेत ‘तण’ हा शब्द नेहमीच शिवीसारखा वापरला जात नाही. तणमोर या पक्ष्याच्या नावात तण म्हणजे गवत. पावसाळ्यात नर गवताच्या वर उड्या मारून मादीला बोलावतो, आणि त्याला उंच-आखूड गवताचा मोकळा माळ लागतो. अकोला-वाशीम भागातल्या गवताळ माळांवर त्याच्या नोंदी आहेत, आणि तिथले फासेपारधी त्याच्या राखणीत पुढे आहेत. तेव्हा ‘तण काढतो’ असं म्हणण्याआधी कुणाचं तण, कुठल्या जागेतलं, हे ठरवून घ्या. मारवेल ज्वारीच्या ओळीत आला तर तो तण आहे. बांधावर आणि माळावर तो धन आहे.

आधी जे मुळात गवतच नाही ते वेगळं करा. गाजर गवत नावापुरतं गवत आहे. ते सूर्यफुलाच्या कुळातलं रोप. पुण्यात १९५०च्या दशकाच्या मध्यावर त्याची नोंद झाली आणि आज ते ठाऊक नसलेलं गाव सापडणार नाही. ते फुलण्याआधी, ओल्या जमिनीतून, हातमोजे घालून मुळासकट काढा. यात ओळखीची अडचण नाही, म्हणून भांगलणीचा पहिला दिवस त्याच्यासाठीच ठेवावा. दुसरा लव्हाळा. तो गवतासारखा दिसतो, पण त्याची दांडी दोन बोटांत फिरवून पाहा: तीन कडा लागतात. गवताची कांडी गोल किंवा चपटी, तिला पेरं असतात आणि पानं आळीपाळीने दोन बाजूंना निघतात. लव्हाळ्याच्या फुलाच्या दांडीला पेरं नसतात आणि त्याची पानं तीन बाजूंना निघतात. ही परीक्षा शाळेतल्या मुलांनाही पाच मिनिटांत येते.

आता खरं गवत. फुलोरा आल्यावर ओळखणं सोपं, पण तोवर तणाचं बी पडायला येतं. म्हणून फुलोऱ्याआधीची ओळख शिकावी लागते, आणि ती तीन जागी लपलेली असते: बुडाशी, पेरावर, आणि पान कांडीपासून सुटतं त्या सांध्यात.

सांध्यापासून सुरुवात करू. गवताचं पान कांडीला थेट चिकटत नाही. खालचा भाग कांडीभोवती खोळीसारखा गुंडाळलेला असतो आणि वर पातं बाहेर वळतं. पातं हलकेच मागे वाकवलं की वळणाच्या आत एक बारीक पडदा किंवा केसांची झालर दिसते. पुस्तकात तिला जिव्हिका म्हणतात. आपण जिभली म्हणू. भात बेणणारा माणूस ती न शिकता वापरत असतो. भाताच्या रोपात वाढणारं पाखड लहानपणी हुबेहूब भातासारखं दिसतं. पण भाताच्या पानाला लांब, पांढरी, टोकाशी फाटलेली जिभली असते आणि पाखडाला जिभलीच नसते. तिथे नुसता गुळगुळीत सांधा. दोन्ही रोपं हातात घेऊन एकदा हा फरक पाहा. ज्याला तो दिसला त्याला बाकीच्या गवतांच्या जिभल्या शोधता येतात. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग खिशात ठेवा. ते नसेल तर पातं उन्हाकडे धरून वाकवा.

जिभली एकटी निकाल देत नाही, हेही सांगून ठेवतो. शेडा, अंजन आणि हरळी या तिघांनाही केसांची झालर असते, आणि दीनानाथालाही असते. म्हणून तीन जागा एकत्र वाचायच्या.

मारवेल पेरावरून ओळखा. त्याच्या प्रत्येक पेराभोवती पांढऱ्या केसांचं कडं असतं, पायात वाळा घातल्यासारखं. त्याचं शास्त्रीय नाव डायकँथियम ॲन्युलॅटम, आणि त्यातला दुसरा शब्द याच कड्यावरून आला. कांडी बारीक, बुडाशी बऱ्याचदा लालसर-जांभळी आणि गुडघ्यात वाकून मग उभी राहिलेली. पान काही मिलिमीटरच रुंद. इथे गिनी गवताशी गफलत होते, कारण त्याच्याही पेरावर केस असतात. पण गिनीचं पान बोटाएवढं रुंद, मधली शीर पांढरट, आणि ठोंब बघता बघता माणसाच्या उंचीचा होतो. गिनी आफ्रिकेतून आलेलं, गोठ्यासाठी उत्तम आणि कुरणासाठी घातक. फळबागेच्या सावलीत आणि ओढ्याकाठी शिरलं की खाली दुसरं काही उगवू देत नाही. ते बांधलेल्या शेतात ठेवा. माळावर दिसलं तर ठोंब लहान असतानाच कुदळीने काढा.

शेडा ओळखायला सर्वांत कठीण, आणि म्हणूनच सर्वांत जास्त उपटला जातो. पान अरुंद, निळसर झाक असलेलं, टोकाकडे निमुळतं होत दोऱ्यासारखं संपणारं. फुलोऱ्यात एका कांडीवर एकच फिकट, किंचित बाकदार कणीस येतं. पवन्या त्याचाच भाऊ. ही दोन नावं भागाभागात अदलाबदल होऊन वापरली जातात, त्यामुळे कुणी नाव सांगितलं की नावावर न थांबता गवत दाखवायला सांगा. डोंगरी गवत त्यामानाने सोपं: बूड दणकट, पानं बुडाशी पंख्यासारखी, आणि मोकळ्या तुऱ्यातल्या प्रत्येक दाण्याच्या तळाशी सोनेरी-तपकिरी केसांचा झुपका. सकाळच्या तिरप्या उन्हात तो लांबूनही दिसतो.

अंजन आणि दीनानाथ ही जोडी नवख्याला नेहमी फसवते. दोघांची कणसं केसाळ, कोल्ह्याच्या शेपटीसारखी. हाताने ओढून पाहा. दीनानाथ ओल्या मातीतून अलगद येतं, बूड मऊ आणि मुळं वरवरची. अंजन, विशेषतः दुसऱ्या वर्षापासून, हलत नाही. बुडाशी मागच्या वर्षाच्या वाळलेल्या खोळींचा कठीण गड्डा लागतो. ही ओढून पाहण्याची परीक्षा फार कामाची आहे, पण पहिल्या वर्षाच्या रोपांवर करू नका, कारण तेव्हा चांगलं गवतही सहज उपटून येतं. अंजनाबद्दल एक गोष्ट लक्षात राहण्यासारखी आहे. आपल्या कोरड्या मुलखातलं हे अस्सल चराऊ गवत ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात नेलं गेलं, आणि ॲरिझोनात आज लोक ते खणून काढतात, कारण ते तिथल्या निवडुंगांच्या रानात आग पसरवतं. गवताचा दोष गवतात कमी आणि जागेत जास्त असतो.

हाताच्या बोटांसारखा फुलोरा असलेल्यांची गर्दी मोठी आहे. मारवेल, हरळी, रान-नाचणी, रस्त्याकडेला जांभळ्या मिशांचं क्लोरिस आणि जमिनीवर पसरणारं डिजिटेरिया, सगळ्यांना बोटं. रान-नाचणीचं बूड पांढरं आणि चपटं, दोन बोटांनी दाबून सपाट केल्यासारखं. डिजिटेरियाचं पान मऊ, रुंद, जिभली पडद्याची, आणि कांडी जिथे टेकेल तिथे मूळ धरते. त्याच्या दाण्याला कुसळ नसतं. मारवेलाच्या दाण्याला बारीक वाकडं कुसळ असतं. मारवेलासारखंच दिसणारं एक गवत भेटेल, ज्याच्या दाण्याच्या सालीवर टाचणीने टोचल्यासारखा खळगा असतो. ते बोथ्रिओक्लोआ, तेही देशी आणि तेही ठेवायचं. भांगलणाऱ्याला प्रत्येक गवताचं नाव येण्याची गरज नाही. ठेवायच्या बाजूला कोण आणि काढायच्या बाजूला कोण, एवढं पुरतं.

रोशा गवताला नाकाने ओळखा. पान चुरगाळलं की गुलाबाच्या जवळ जाणारा वास येतो. खानदेशात त्याचं तेल काढत असत.

अलीकडे रस्त्याकडेला आणि खणलेल्या डोंगरउतारांवर गुलाबी रेशमाच्या धुरासारखं एक गवत दिसतं. लोक त्यात उभं राहून फोटो काढतात. ते मेलिनिस रिपेन्स, आफ्रिकेतलं. माझ्या माहितीत त्याला मराठी नाव पडलेलं नाही. रेशीम सुटलं की वारा बी घेऊन जातो, म्हणून तुरा खोळीतून अर्धा बाहेर आला असतानाच ते उपटा. फोटोसाठी घरी आणलेला त्याचा गुच्छ गच्चीवरून उडून कुठे जातो याचा विचार करा.

आता कुसळीबद्दल, कारण यावर माझं आणि अनेकांचं जमत नाही. कुसळी हे शंभर टक्के देशी गवत आहे. बुडाशी चपटी खोळ, पानाचं टोक बोथट, आणि फुलोऱ्यात लांब काळपट कुसळं एकमेकांत पिळून वेणीसारखी. ओल मिळाली की कुसळ उलगडतं, वाळलं की पिळतं, आणि त्या हालचालीने बी जमिनीत स्क्रूसारखं शिरतं. तेच मेंढीच्या लोकरीत आणि तोंडात शिरतं, म्हणून धनगर कुसळीला वैतागतो आणि त्याचा वैताग खरा आहे. वणव्यालाही हे गवत पुरून उरतं. जो माळ दरवर्षी जाळला जातो तिथे शेडा हटतो आणि कुसळी राज्य करते. पण म्हणून ती उपटून काढायची का? माझं उत्तर नाही. उघड्या मुरमावर जे उभं राहतं ते तीच, आणि तिच्या सोबत तीन कुसळांचं त्रिशूळ असलेलं ॲरिस्टिडा. माळ झिजला आहे याची ती खूण आहे. झिजण्याचं कारण ती नाही. उपटली तर जमीन उघडी पडते आणि त्या जागी गाजर गवत येतं. कुसळं धरायच्या आधी, भाद्रपदात, ती कापून जनावरांना घाला. वणवा थांबवा, शेजारी शेड्याचं आणि मारवेलाचं बी पाडा, आणि थोडी वर्षं द्या. दख्खनच्या मोठ्या भागातलं मूळ गवत शेडा आणि मारवेलाचंच. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ साली भारताच्या गवताळ आच्छादनाचे पाच प्रकार मांडले, त्यात द्वीपकल्पाचा प्रकार या दोघांच्याच नावाने ओळखला आहे.

ओळख पक्की करायचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे कुंड्या. माळावर ज्या दिवशी बी टाकाल त्याच दिवशी प्रत्येक जातीचं थोडं बी वेगळ्या कुंडीत पेरा आणि कुंडीवर नाव लिहा. माळावरची रोपं दोन पानांवर असतील तेव्हा कुंडीतलीही दोन पानांवर असतात. भांगलणीला जाताना कुंडीच डोंगरावर न्या. ते जमलं नाही आणि एखाद्या रोपाबद्दल शंका आली, तर ते मातीच्या ढेकळासह हळूच काढा, पाण्यात धुवा. कोवळ्या रोपाच्या मुळाशी ज्या बियातून ते आलं त्याचं टरफल बऱ्याचदा अजून चिकटलेलं असतं. कुसळवालं टरफल दिसलं की रोप परत लावा.

बी फेकून न देता ओळीत टाकलंत तर अर्धं काम तिथेच झालं. ओळीबाहेर जे उगवलं त्यावर संशय घ्यायचा. मारवेल तर ठोंबांनी लावा, म्हणजे ओळखण्याचा प्रश्नच येत नाही. यंदाचं ताजं बी यंदाच पेरू नका. बऱ्याच देशी गवतांच्या बियांना काही महिने विसावा लागतो, म्हणून कार्तिकात गोळा केलेलं बी कोरड्या जागी ठेवून पुढच्या मृगाला काढावं.

श्रमदानाला माणसं बोलावलीत तर एका दिवशी एकच तण काढा. सकाळी त्या एका तणाचं मुळासकट रोप प्रत्येकाच्या हातात द्या, आणि त्याशिवाय दुसरं काहीही उपटायचं नाही असं बजावून सांगा. पहिली फेरी पावसानंतर तीन-चार आठवड्यांनी, फक्त रुंद पानांच्या तणांसाठी. गवतावर हात त्या फेरीत घालूच नका. दुसरी फेरी श्रावण-भाद्रपदात, वर्षायू तणांचे तुरे निघू लागतात तेव्हा. अनोळखी रोप दिसलं तर शेजारी काठी रोवा आणि फुलोऱ्यापर्यंत थांबा. एक तण जास्त राहिलं तर पुढच्या वर्षी काढता येतं. उपटलेला शेडा परत आणायला पुन्हा बी, पुन्हा पाऊस, पुन्हा दोन वर्षं लागतात.

काढण्याची रीतही जातीप्रमाणे बदलते. वर्षायू गवत उपटा. लव्हाळा मात्र ओढू नका: पात तुटते, खालच्या गाठी सुट्या होतात आणि प्रत्येक गाठ नवी पात काढते. नागरमोथा म्हणून औषधाला वापरतात त्या याच गाठी. जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांच्या १९७७च्या प्रसिद्ध यादीत लव्हाळा पहिला आणि हरळी दुसरी आहे. तीच हरळी आपण दूर्वा म्हणून गणपतीला वाहतो. माळावर या दोघांशी लढण्यात दिवस घालवू नका. उंच गवताची दाट सावली पडली की दोन्ही आपोआप मागे हटतात. काळ्या रानातला कुंदा खोल मुळांचा. तो रोपवाटिकेच्या जागेत असेल तर जागाच बदला. तणनाशक हा इथे मार्ग नव्हे. गवत मारणाऱ्या औषधाला दीनानाथ आणि शेडा यांतला फरक कळत नाही.

उपटलेल्या तणाला तुरा आला असेल तर ते माळावर टाकू नका, खतातही घालू नका. पोत्यात भरून खाली आणा. उतरण्याआधी पँटचे पाय, मोजे, बुटांचे तळ झटका. बाहेरून आणलेली माती, वैरण आणि जेसीबीची चाकं यांतूनही बी येतं.

कोकणातल्या कातळसड्यांवर आणि साताऱ्याकडच्या पठारांवर मात्र खुरपं नेऊच नका. तिथे वीतभर उंचीची, क्षुल्लक दिसणारी गवतं आहेत. ग्लायफोक्लोआ ही प्रजाती तर सह्याद्री आणि दख्खनच्या पट्ट्याबाहेर सापडतच नाही. अशा जागी शंका आली तर सुकवलेला नमुना घेऊन पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेत किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात जा. ब्लॅटर आणि मॅककॅन यांचा मुंबई इलाख्यातल्या गवतांवरचा १९३५चा ग्रंथ आणि शिवाजी विद्यापीठाने २०१२ साली काढलेला महाराष्ट्रातल्या गवतांचा ग्रंथ, दोन्ही तिथे पाहायला मिळण्याची शक्यता आहे.

पण त्याआधी आपल्याच तालुक्यात एखादं जुनं राखीव कुरण किंवा देवराईलगतचं गवताळ रान शोधा. दसऱ्याच्या सुमाराला, कापणी सुरू व्हायच्या आत तिथे जा. गवत कापणाऱ्या बाईला किंवा मेंढ्या राखणाऱ्या बाबांना एकेक काडी दाखवून विचारा: हे काय, हे जनावर खातं का, हे पूर्वी जास्त होतं का. त्यांनी सांगितलेलं नाव काडीसकट वहीत चिकटवा आणि येताना त्याच कुरणातलं मूठभर बी, मालकाला विचारून, घेऊन या.